भिवपुरी रोड ते माथेरान, गार्बेटच्या वाटेनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे, डोंबिवलीकडून वर्षभर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मे महिन्याच्या शेवटी ते एकदम वाढतात आणि बहुतेक धबधब्याबद्दल असतात. दिवाळीनंतर येणारे प्रश्न जरा शहाणे असतात. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. दुसरीकडे जास्त सांगितलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही वाट नेमकी कुठून कुठे जाते?

कर्जतच्या लोकलनं नेरळनंतर येतं ते भिवपुरी रोड स्टेशन. तिथून डिक्सळ गाव, मग पाली भुतिवलीचं धरण, धरणाच्या वरच्या अंगाला सागाची वाडी आणि तिथून चढून गार्बेटचं पठार. पठार ओलांडलं की शेवटचा चढ, तो संपतो गार्बेट पॉइंटवर. इथे तुम्ही माथेरानच्या डोंगरावर आलात, माथेरानच्या बाजारात नाही. हा फरक लक्षात न घेतल्यानं बऱ्याच जणांचा दिवस बिघडतो. माथेरानच्या मुख्य डोंगराला पूर्वेकडे एक लांब सोंड आहे आणि गार्बेट पॉइंट तिच्या टोकाकडे आहे. त्या सोंडेवरून झाडीतली मातीची वाट धरून टॉय ट्रेनच्या रुळांकडे, अमन लॉज स्टेशन आणि गाड्या जिथपर्यंत येतात त्या दस्तुरी नाक्याच्या बाजूला यायचं असतं. दस्तुरीहून टॅक्सीनं नेरळ आणि नेरळहून लोकल.

चाल सगळी मिळून दहा-बारा किलोमीटर, चढ सहा-सातशे मीटर. थांबत, खात, फोटो काढत गेलात तर सहा-सात तास.

२. 'मध्यम' ट्रेक म्हणजे किती? मी जिमला जाते, पण डोंगर कधी चढलेले नाही.

एक मजला तीन मीटरचा धरला तर सहाशे मीटर म्हणजे दोनशे मजले. मात्र ते सलग नाहीत. मध्ये धरणाकाठची सपाटी आहे, पठार आहे, शेवटी सोंडेवरची सावलीतली चाल आहे. दोर लागत नाही, कातळावर चढावं लागत नाही. दमवतो तो दमटपणा. सागाची वाडी ते पठार या टप्प्यात वारा पडलेला असला की तयार माणसाचाही शर्ट पिळून काढावा लागतो.

आधी घरच्या घरी एक परीक्षा घ्या. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मुख्य दरवाज्यापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत चालत जा, लेण्यांच्या पायऱ्या वरपर्यंत चढा आणि चालतच परत या. (उद्यान सोमवारी बंद असतं.) दुसऱ्या दिवशी ऑफिसला नेहमीसारखे गेलात तर गार्बेट जमेल. जिना उतरताना कठडा धरावा लागला तर दोन-तीन आठवडे थांबा, चालण्याची सवय करा.

३. सकाळी किती वाजता निघायचं?

हा प्रश्न उलटा विचारायला हवा: संध्याकाळी किती वाजता दस्तुरीला पोचायचं? एका दिवसाच्या ट्रेकचं वेळापत्रक शेवटाकडून मागे मांडत यावं, नाहीतर ते टिकत नाही.

दस्तुरीला दुपारी चारच्या आत पोचायचं, असं पक्कं धरा. त्यानंतर खाली जाणाऱ्यांची गर्दी वाढते आणि हिवाळ्यात झाडीत पाच-साडेपाचलाच अंधारून येतं. गार्बेट पॉइंट ते दस्तुरी दीड ते दोन तास लागतात, म्हणजे पॉइंट दोनपर्यंत सोडायला हवा. पठारापासून पॉइंटपर्यंत विश्रांती धरून दीड तास. म्हणून आमचा नियम असा की दुपारी बारापर्यंत पठारावर पाय पडला नाही तर आल्या वाटेनं परत फिरायचं. हा नियम घरी असताना सगळ्यांकडून कबूल करून घ्या. डोंगरावर 'आता थोडंच तर राहिलंय' म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच, आणि त्याला मतं पडतात.

असं मागे येत गेलं की भिवपुरीहून साडेसातच्या आत चालायला लागायला हवं. सीएसएमटीहून भिवपुरीला साधारण दोन तास लागतात. म्हणजे पहाटे पाचच्या आसपासची गाडी.

४. कुठली लोकल पकडायची? आम्ही अंधेरीला राहतो.

कर्जत किंवा खोपोलीची. बदलापूर-अंबरनाथच्या गाडीत बसून पुढचं पुढे बघू म्हणू नका. कर्जतकडे जाणाऱ्या गाड्या मोजक्या आहेत आणि एक चुकली तर प्रश्न ३ मधलं सगळं गणित पुढे सरकतं. फास्ट असली तरी कल्याणनंतर ती सगळीकडे थांबत जाते, त्यामुळे फास्ट-स्लोचा फार विचार करू नका.

पश्चिम रेल्वेवाल्यांनी दादरला बदलायचं, हार्बरवाल्यांनी कुर्ल्याला, नवी मुंबईकरांनी ठाण्याला. ग्रुप मोठा असेल तर 'कुठला डबा' हे आदल्या रात्रीच ठरवा. इंजिनाकडून तिसरा की गार्डाकडून तिसरा, यावर पहाटे साडेपाच वाजता फोनवर भांडण्यात मजा नसते.

रविवारी मेगाब्लॉक असतो. त्याची घोषणा आदल्या एक-दोन दिवसांत होते, ती बघितल्याशिवाय झोपू नका. ब्लॉक साधारण सकाळी उशिरा सुरू होतो, म्हणून जाताना त्रास होत नाही. परतीच्या गाड्यांचा मात्र गोंधळ उडू शकतो.

५. कुठला महिना चांगला?

सप्टेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी. सप्टेंबरात हिरवळ असते, ओढे आटोक्यात आलेले असतात. ऑक्टोबरात ऊन चावतं, तेव्हा आणखी एक गाडी आधीची पकडा. डिसेंबर-जानेवारी चालायला सगळ्यात सुखाचे, पण गवत पिवळं पडलेलं असतं. हिरवागार फोटो हवा असणाऱ्यांनी मग तक्रार करू नये. मार्चपासून पठार तापतं. एप्रिल-मे मध्ये ही वाट नकोच, वर सावली असली तरी तिथे पोचेपर्यंतचा सगळा चढ उघड्यावर आहे.

६. पण आम्हाला पावसातच जायचंय. धबधबे, धुकं... काय काळजी घ्यायची?

भर पावसात पहिल्यांदाच चढणाऱ्यांना आम्ही नको म्हणतो. अनुभवी माणूस बरोबर असेल तर पुढचं वाचा.

अलर्ट मुंबईचा नाही, रायगड जिल्ह्याचा बघायचा. घाटालगत मुंबईपेक्षा कितीतरी जास्त पाऊस कोसळतो. रायगडला ऑरेंज किंवा रेड असेल तर बेत रद्द. त्या दिवशी कांदाभजी घरी करा. सलग दोन-तीन दिवस धो धो पडून रविवारी उघडीप मिळाली तरी त्या रविवारी जाऊ नका. डोंगर पाणी पिऊन बसलेला असतो आणि दरडी ऊन पडलं म्हणून थांबत नाहीत. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला, ती वाडी माथेरानजवळच्याच इर्शाळगडाच्या पायथ्याशी होती.

पावसाळ्यात धरणं आणि धबधब्यांच्या परिसरात जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढतं. तो आहे का हे निघण्याआधी स्थानिक बातम्यांमध्ये बघा आणि असेल तर पाळा. पोलीस रेल्वे स्टेशनवरूनच परत पाठवतात. न पाठवले तरी आदेश कुणाच्या तरी बुडण्यानंतर आलेला असतो, हे आठवा. पाली भुतिवलीच्या पाण्यात पोहायला उतरू नका. धरणाचा काठ वरून गवताळ दिसतो, खाली गाळ आणि एकदम खोली असते.

ओढ्यांचं गणित वेगळं. सकाळी घोट्याइतक्या पाण्यातून सहज पलीकडे गेलेला ओढा वरती तासभर पाऊस झाला की मांडीइतका होतो. पाणी गढूळ झालं, त्यातून काटक्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला की वर काहीतरी झालं आहे असं समजून मागे व्हा. पाऊस थांबला की असे ओढे तास-दोन तासांत उतरतात. थांबायचं. हात धरून साखळी करून ओलांडायचं धाडस करू नका, एक घसरला की साखळी सगळ्यांना ओढते.

राहिलं धुकं. पठारावर ते आलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि पठाराच्या कडेला दरी आहे. ग्रुप एकत्र ठेवा, कडेला जाऊ नका, शिट्टी जवळ असू द्या. पावसाच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात दुपारी विजाही होतात. उघड्या पठारावर उभं राहू नका, एकट्या झाडाखाली तर नाहीच. गडगडाट ऐकू आला की खाली वाडीकडे उतरायला लागा.

७. वाट चुकते का? गाइड घ्यावा का?

धरणापर्यंत चुकत नाही. तिथून पुढे गुरांच्या वाटा, सरपणाच्या वाटा, पाण्याच्या वाटा अशा ढीगभर फुटतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात. सागाच्या वाडीत विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. पहिल्यांदा जात असाल तर वाडीतलाच कुणीतरी पठारापर्यंत बरोबर घ्या. पैसे आधी ठरवा आणि ठरले तेवढे घासाघीस न करता द्या. त्यांच्या दिवसाची मजुरी बुडते आहे.

ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा, पण त्यावरची रेघ म्हणजे वाट असं समजू नका. ती कुणाच्या तरी फोननं कुठल्या तरी मोसमात काढलेली असते. पावसाळ्यानंतर वाटा सरकतात. गुराखी सांगेल ते आणि नकाशा दाखवेल ते यात फरक पडला तर गुराख्याचं ऐका.

८. पाणी किती घेऊ? वाटेत मिळतं का?

माणशी तीन लिटर, हिवाळ्यात अडीच चालेल. 'दोन बाटल्या पुरतात' म्हणणारे पठारावर दुसऱ्याच्या बाटलीकडे बघत बसलेले असतात. वाडीत मागितलं तर नाही म्हणणार नाहीत, पण उन्हाळ्यात त्यांनाच पाणी लांबून आणावं लागतं, म्हणून आपलं आपण न्या. ओढ्याचं पाणी वाहतं आणि स्वच्छ दिसलं तरी वर गुरं चरत असतात, न उकळता पिऊ नका. विकतचं पाणी दस्तुरीलाच.

नुसतं पाणी पिऊन भागत नाही. पोटऱ्यांत गोळे येतात ते घामाबरोबर मीठ गेल्यानं. लिंबू-मीठ-साखर घातलेली एक बाटली किंवा ओआरएसचं पाकीट प्रत्येकाकडे हवं.

९. खायला काय न्यायचं?

घरचं. पोळी-भाजीची गुंडाळी, थेपले, उकडलेली अंडी, खजूर, चिक्की, काकडी, संत्री. चिप्सची पाकिटं नकोत, तहान वाढवतात आणि वारा ती पिशवीतून उडवतो. निघण्याआधी स्टेशनवर काहीतरी पोटात टाका, आणि वर दर तासाला थोडं थोडं खा. पोटभर जेवायचं असेल तर ते सगळा चढ संपल्यावर, गार्बेट पॉइंटच्या पलीकडे सावलीत.

संत्र्याच्या साली आणि अंड्याची टरफलं 'कुजतील की' म्हणून टाकू नका. कुजायच्या आधी ती माकडांना सापडतात. प्रश्न १३ पाहा.

१०. बूट आणि कपडे?

तळव्याला खोल खाचा असलेले बूट. महागडे लागत नाहीत, ॲक्शनच्या ट्रेकिंग बुटांवर सह्याद्रीतली एक अख्खी पिढी चालली आहे. नवे बूट आदल्या दिवशी घेऊन थेट डोंगरावर घातले तर टाचेला फोड ठरलेला. गुळगुळीत तळव्याचे धावायचे बूट जांभ्यावर आणि ओल्या मुळांवर घसरतात.

जीन्स नको, भिजली की मण भर होते. पूर्ण बाह्यांचा सुती किंवा पटकन वाळणारा टी-शर्ट, ट्रॅक पँट, टोपी. कोरडा टी-शर्ट आणि मोजे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी, ते लोकलमध्ये चढण्याआधी घालायचे. पावसाळ्यात छत्रीचा काही उपयोग नाही.

११. फोटोत तर नुसतं पठार दिसतं. यात जंगल कुठे आहे?

आहे, पण ते उत्तरार्धात आहे. गंमत अशी की बहुतेक लोक तिथून घड्याळ बघत पळत जातात.

गार्बेट पॉइंट चढून वर आलं की पायाखालची जमीनच बदलते. खालचा सगळा डोंगर काळ्या पाषाणाचा, माथ्यावर मात्र जांभ्याची टोपी. माथेरानची ती लाल माती इथूनच सुरू होते. जांभ्यात पाणी मुरतं आणि त्यावर दाट, सदाहरित म्हणावी अशी झाडी टिकून आहे. अंजनी, जांभूळ, हिरडा, आंबा. अंजनीचं झाड ओळखायला सोपं: वेडंवाकडं खोड, चामड्यासारखी गडद पानं, आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला फांद्यांना चिकटून जांभळट निळ्या फुलांचे झुबके. भर दुपारीसुद्धा या पट्ट्यात ऊन जमिनीपर्यंत तुकड्या-तुकड्यांनीच पोचतं.

इथे शेकरू आहे. आपल्या राज्याचा प्राणी, पण फार थोड्यांनी तो पिंजऱ्याबाहेर बघितलेला असतो. तो दिसण्याआधी ऐकू येतो, वर शेंड्यावरून एकामागून एक खडखडीत हाका. हाक आली की जागीच थांबा आणि मान वर करून फांद्या कुठे हलतात ते बघा. झाडाच्या माथ्याला काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला तर ते त्याचं घरटं असू शकतं. ब्लूटूथ स्पीकर लावून चालणाऱ्यांना यातलं काही दिसत नाही. वाटेवर त्यांना कुणी काही बोलत नाही, मनात मात्र सगळे बोलतात.

पालापाचोळ्याखाली मुळं लपलेली असतात. पाय मुरगळण्याच्या जास्त घटना अवघड चढावर होत नाहीत, या 'आता काय, सपाटच आहे' टप्प्यात होतात.

१२. साप, बिबट्या यांची भीती वाटते.

बिबट्या तुम्हाला बघून तुमच्या आधी निघून जातो. साप आहेत. फुरसं, घोणस, नाग, मण्यार हे जमिनीवरचे, आणि पावसाळ्यात झुडपांच्या फांदीवर पानासारखा हिरवा चापडा. पाय टाकतो तिथे आणि हात टेकतो तिथे बघायचं, दगडाच्या सांदीत बोटं घालायची नाहीत, आडोशाला बसण्याआधी काठीनं गवत हलवायचं. एवढं केलं की बहुतेक धोका टळतो.

चावलाच तर: करकचून बांधू नका, कापू नका, तोंडानं ओढू नका, साप मारून बरोबर आणायच्या भानगडीत पडू नका. अंगठ्या, घड्याळ काढा, तो हात किंवा पाय हलू देऊ नका आणि शक्यतो माणसाला चालवू नका. पठाराच्या खाली असाल तर वाडीतून मदत घेऊन कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात, सोंडेवर असाल तर दस्तुरीकडे. १०८ ला फोन रेंज मिळताच लावा.

१३. माकडं आणि मधमाश्या?

माकडं दस्तुरी-अमन लॉजच्या बाजूला धीट झालेली आहेत. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की ती तुमची राहत नाही. सगळं सॅकमध्ये, चेन बंद. ओढाओढी करू नका, डोळ्यांत डोळे घालून हसू नका, दात दाखवणं त्यांच्याकडे भांडणाचं लक्षण आहे.

आग्या माश्यांची पोळी कड्यांना आणि उंच झाडांना असतात. धूर आणि दगड यांनी त्या खवळतात, तीव्र अत्तरानंही बिथरू शकतात. उठल्याच तर डोकं-तोंड झाकून दूर पळा. जागेवर बसून हात हलवत राहू नका.

१४. मुलगा आठ वर्षांचा आहे आणि आई बासष्टची. दोघांनाही यायचंय.

मुलगा येऊ शकेल, जर तो आधी एखाद-दुसरा छोटा डोंगर चढला असेल. त्याचा वेग धरून प्रश्न ३ मधल्या वेळा पुन्हा मांडा. पठारावर तो हाताशी हवा.

आईंचं वयापेक्षा गुडघ्यांवर अवलंबून. या वाटेचं सुख असं की चढलेलं पुन्हा उतरावं लागत नाही, टॅक्सी आहे. पण अर्ध्यातून परतायची वेळ आली तर तोच चढ उतरून यावा लागतो. शंका असेल तर आई टॅक्सीनं दस्तुरीला येऊन सपाटीवर फिरतील आणि बाकीचे चढून त्यांना भेटतील, असं करा. अशी विभागणी केलेल्या घरांत रात्री जास्त शांतता असते, असं आमचं निरीक्षण आहे.

१५. आम्ही चौघी मैत्रिणी जाणार आहोत. सुरक्षित आहे का? आणि टॉयलेट?

चौघी असाल तर अडचण नाही. वाडीतला गाइड घ्या, घरी वाटेचं नाव आणि दस्तुरीला पोचायची वेळ कळवून ठेवा. गर्दीच्या पावसाळी रविवारी धरण-धबधब्याच्या भागात दारू पिऊन आलेली टोळकी असतात. त्यांचा त्रास टाळायचा असेल तर पहाटेची गाडी किंवा शनिवार. एकटीनं किंवा एकट्यानं पहिल्यांदा ही वाट करू नये. पाय मुरगळून बसलं तर सांगायला कुणी नसतं.

स्टेशननंतर स्वच्छतागृह थेट दस्तुरीला. मध्ये झाडोरा. पाळी असेल तर वापरलेलं पॅड कागदात आणि मग झिप-लॉक पिशवीत घालून परत आणायचं, पुरायचं नाही. टिश्यूचंही तेच. पाणी कमी पडेल म्हणून कमी पिणं, किंवा जायला लागेल म्हणून न पिणं, दोन्ही चूक.

१६. परवानगी किंवा तिकीट लागतं का?

चढून जायला आगाऊ परवानगी लागत नाही. माथेरान नगरपरिषदेचा प्रवासी कर असतो, तो दस्तुरीला घेतात. चालत आलेल्यांकडूनही मागतात, द्यावा. दर बदलत असतात, म्हणून आकडा इथे दिलेला नाही. २००३ पासून हा सगळा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. आग पेटवायची नाही, कचरा टाकायचा नाही.

१७. वर गेल्यावर शार्लट लेक, इको पॉइंट वगैरे पण होईल ना?

नाही होणार. दस्तुरीहून बाजारच अडीच-तीन किलोमीटर आत आहे, शार्लट लेक त्याच्याही पुढे. ते सगळं बघून परत दस्तुरीला यायचं म्हणजे आणखी तीन-चार तास. पाय आधीच दहा किलोमीटर चाललेले असतात. माथेरान बघायला वेगळा दिवस काढा.

१८. टॉय ट्रेननं नेरळला उतरता येईल का?

येईल, पण त्यावर बेत उभा करू नका. १९०७ पासूनची ही गाडी हळू जाते, फेऱ्या मोजक्या, जागा कमी. पावसाळ्यात, म्हणजे साधारण १५ जून ते १५ ऑक्टोबर, नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद असतो. अमन लॉज-माथेरान शटल तेव्हाही चालते, पण ती तुम्हाला बाजाराकडे नेते, खाली नाही. २०१९ च्या पावसात रूळ वाहून गेले तेव्हा नेरळची सेवा पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला.

खरा पर्याय दस्तुरीची शेअर टॅक्सी. सीटा भरल्या की सुटते. उतरणाऱ्या सगळ्या माथेरानकरांची आणि पर्यटकांची तीच वाट असते, म्हणून प्रश्न ३ मधली चारची वेळ.

१९. गार्बेट झालं आहे. माथेरानला चढायच्या दुसऱ्या वाटा?

झाडीची आवड असेल तर धोदाणी. पनवेलच्या बाजूनं धोदाणी गावात यायचं आणि सनसेट पॉइंटला चढायचं. या वाटेनं खालच्या वाड्यांमधली माणसं दूध, भाजी घेऊन माथेरानला चढतात. आपण धापा टाकत असताना डोक्यावर ओझं घेतलेली आजी 'सांभाळून या' म्हणत पुढे निघून जाते. सनसेट पॉइंट दस्तुरीच्या दुसऱ्या टोकाला आहे, तेव्हा वर आल्यावर बरंच चालणं उरतं हे धरून चाला.

दुसरी, वन ट्री हिल. चौकच्या बाजूनं, जास्त खडी, कातळातली. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या माजी पाटलांना बरोबर घेऊन याच बाजूनं वर आले आणि रामबागच्या वाटेनं उतरले. आजही ट्रेकर तोच फेरा करतात. पावसाळ्यात नवख्यांनी करू नये.

२०. उलटं केलं तर? टॅक्सीनं वर जाऊन गार्बेटनं भिवपुरीला उतरायचं?

दम कमी लागतो, गुडघे जास्त. शिवाय सगळ्यात फसव्या वाटा दिवसाच्या शेवटी, थकलेले असताना लागतात आणि उशीर झाला तर पुढे टॅक्सी नाही, अंधारातलं धरण आहे. वाट आधी चढून माहीत झालेली असेल तरच.

२१. कुणाला लागलं, किंवा उशीर होऊन अंधार पडला तर?

आधी थांबा आणि सगळ्यांना एकत्र करा. बॅटरी प्रत्येकाकडे हवी, मोबाइलची धरू नका, त्या मोबाइलवरून फोन करायचा आहे. पठारावर आणि सोंडेवर रेंज तुकड्या-तुकड्यांनी मिळते, ती शोधण्यात फोनचं चार्जिंग संपतं, म्हणून चढताना फोन फ्लाइट मोडवर ठेवा. तातडीसाठी ११२.

मुरगळलेला पाय बुटातून काढू नका, बुटावरूनच क्रेप बँडेज बांधा. पठाराच्या आधी असाल तर सागाची वाडी जवळ, पॉइंट ओलांडला असेल तर पुढे दस्तुरी. माथेरानमध्ये दस्तुरीच्या आत खासगी गाड्यांना बंदी आहे, पण रुग्णवाहिकेला नाही. घोडा मिळतो, ई-रिक्षाही आल्या आहेत. माणसानं ओढायच्या हातरिक्षा बंद करायला सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं, तेव्हा त्या भरवशावर राहू नका.

२२. पठारावर तंबू ठोकून राहिलो तर?

हे पान एका दिवसाच्या चालीपुरतं आहे. कुणाला विचारून, कुठल्या जमिनीवर, पाणी कुठून आणि कचरा कोण नेणार, या चारांची उत्तरं नसतील तर राहू नका. शेकोटीबद्दल प्रश्न १६.

२३. वाडीतला कुत्रा आमच्या मागे पार दस्तुरीपर्यंत आला. काय करायचं होतं?

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा येतो. कारण बिस्किट. वाडीत त्याला पहिलं बिस्किट घातलं की तो दिवसभराचा सोबती होतो. बरेचसे कुत्रे संध्याकाळी आपसूक घरी परततात, पण दस्तुरीचे कुत्रे परक्याला उभं करत नाहीत आणि तिथे जुंपते. खायला घालू नका. तरीही आलाच तर पठारावर भेटणाऱ्या गुराख्याला किंवा खाली उतरणाऱ्या ग्रुपला सांगा, ते त्याला हाक मारून परत नेतात. गाइड घेतला असेल तर प्रश्नच नाही, बहुधा कुत्रा त्याचाच असतो.